एका गाडीचे पाठभेद

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत नवी गाडी आली. चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचं ओलं स्वस्तिक. कुठल्या कंपनीची गाडी ते सांगत नाही. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या एकाच जिन्याने टेल्को, बजाज, महिंद्रा आणि फोक्सवॅगनची माणसं चढतात-उतरतात (टाटा मोटर्स हे नाव लागून वीस वर्षं उलटली, तरी आमच्याकडे ती टेल्कोच), तेव्हा उगाच भांडण नको. पेढे वाटून झाले. सगळे पुढे उभे राहून जाळी आणि दिवे न्याहाळू लागले. तळमजल्यावरचे काका तेवढे मागच्या दाराशी गेले. बत्तीस वर्षं वेल्ड शॉपमध्ये काढलेला माणूस. त्यांनी दार उघडलं, चौकटीवरचं काळं रबरी बीडिंग अंगठ्याने वीतभर उपसलं आणि आत वाकले. गाडीमालकाचा चेहरा उतरला.

“काका, अहो, आजच आणलीय.”

“म्हणूनच बघतोय. आज नाही बघितलं तर कधी बघणार?”

बीडिंगखाली पत्र्याच्या दोन-तीन पदरांची उघडी कड असते. तिच्यावर दोन-दोन बोटांच्या अंतराने वाटाण्याएवढे खळगे असतात, ते स्पॉट वेल्ड. तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून क्षणभर वीज सोडली की तेवढ्या जागी ते वितळून एकजीव होतात. गाडीच्या सांगाड्यात असे काही हजार टाके असतात. काका बोट फिरवत मोजत गेले आणि एके जागी थांबले. तिथे एका खळग्याला चिकटून दुसरा खळगा होता, ओळ सोडून जरासा बाजूला.

“चूक?” मी विचारलं.

“चूक होती. इथे कुणीतरी परत आलं होतं.”

पहिला टाका मनासारखा बसला नसावा. लाइनवरच्या कुणीतरी शेजारी दुसरा घातला होता. कारखान्यात याला रीवर्क म्हणतात आणि हा शब्द तिथे कुणी अभिमानाने उच्चारत नाही. काका मात्र खूश दिसले.

त्या वीतभर बीडिंगने मला गाडी वाचायची एक रीत दिली. शोरूममध्ये ठेवलेली असते ती गाडीची स्वच्छ प्रत. खरी गाडी तिच्या खाडाखोडीत सापडते. आधी काय लिहिलं होतं, कुणाच्या ओरडण्याने ते बदललं, आणि बदलायला हवं होतं तरी काय तसंच राहिलं. पाठशुद्धीचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि ज्ञानोबांची आळंदी आमच्या मोशी-चाकणच्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. गाडीशी तुलना करायला हे फार मोठं उदाहरण झालं, कबूल. पण ज्या ग्रंथावर जीव आहे त्याच्याच प्रती माणूस पुन्हा पुन्हा तपासतो, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखी.

म्हणून रसग्रहणाला मी अशी गाडी घेतोय जिचे पाठभेद सगळ्यांसमोर घडले. टाटा हॅरियर. ती बनते पिंपरीत, बाजारात आली २३ जानेवारी २०१९ रोजी.

तिचं कुळ आधी बघू. याच पुण्याच्या कारखान्यातून १९९१ मध्ये सिएरा आली, पुढच्या वर्षी इस्टेट, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी. सुमो म्हटलं की अनेकांना जपानी पैलवान आठवतो, आणि गाडीची अंगकाठी बघता त्यांचं चुकत नाही. पण ते नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांचं आहे. टेल्कोचा हा कारखाना त्यांनी उभा केला. उजाड माळावर झाडं लावली, आवारात तळं केलं. त्या तळ्यालाही सुमंत सरोवर म्हणतात. सुमोत दहा माणसं, दोन पिशव्या भाकरी आणि छतावर गाद्या घालून जेजुरीला गेलेली पिढी अजून आहे. तेव्हा ‘कुटुंबाची गाडी’ या शब्दाचा अर्थ एकच होता, सगळे मावले पाहिजेत. सगळे सुखरूप परतले पाहिजेत, हे देवावर सोडलेलं असे. सुमोपासून हॅरियरपर्यंतचा प्रवास म्हणजे दुसरं वाक्य देवाकडून काढून पोलादाकडे सोपवण्याचा प्रवास.

आता नाव. हॅरियर हा शिकारी पक्षी. मराठीत त्याला भोवत्या म्हणतात. हिवाळ्यात हे पक्षी दख्खनच्या गवताळ माळांवर उतरतात आणि गवताच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून, संथपणे, जमिनीचा कोपरा न् कोपरा बघत फिरतात. तीक्ष्ण नजर आणि सावकाश चाल. कुटुंबाच्या गाडीला याहून चांगलं नाव शोधून सापडायचं नाही. ते तिला कितपत शोभतं, ते पुढे येईलच.

रूप समोरून बघा. वर पातळ रेघेसारखे दिवसाचे दिवे आणि हेडलाइट खाली बंपरमध्ये. म्हणजे भुवया जागेवर आणि डोळे गालावर. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, महिन्याभरात सवय होते, आणि पावसाळ्यात कळतं की पुढच्या ट्रेलरने उडवलेला चाकण रस्त्याचा चिखल थेट डोळ्यांतच जातो. बाजूने मात्र गाडी सुरेख आहे. छताची रेघ मागे उतरताना कुठेही घाई करत नाही. ४.६ मीटर लांबी आणि जमिनीपासून २०० मिलीमीटरच्या वरची उंची असूनही ती ओंडक्यासारखी दिसत नाही. पत्र्याला पडलेल्या घड्या मोजक्या आहेत आणि प्रेसमध्ये काम केलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या पत्र्यावरच्या मोजक्या घडीची किंमत कळते. जास्त घड्यांत चूक लपते, सपाट भागावर लपत नाही.

पण पत्र्यावर किती रेंगाळायचं? गाडी घ्यायला गेलेला आपला माणूस हमखास दोन गोष्टी करतो. बॉनेटवर मूठ आपटतो आणि म्हणतो, पत्रा जाड आहे. मग दार लावतो आणि ‘धप्प’ असा आवाज आला की मान डोलावतो. काकांचं यावर एकच वाक्य आहे. “पत्रा म्हणजे साडी. आतली हाडं बघा.” वरचा पत्रा गाडी झाकण्यासाठी असतो, वाचवण्यासाठी नव्हे. आणि दाराचा तो भारदस्त आवाज रबरी बीडिंग, कुलपाची घडण आणि दाराच्या पोटात चिकटवलेली आवाज शोषणारी शीट यांतून येतो. तो कमावलेला आवाज असतो, गायकाचा असतो तसा. त्यावरून स्वभाव ओळखू नये.

हॅरियरची हाडं खानदानी आहेत. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर घेतली. त्या घरात डी-८ नावाचा सांगाडा होता, पहिली डिस्कव्हरी स्पोर्ट ज्यावर उभी राहिली तो. त्यावरून ओमेगार्क हा सांगाडा बेतला गेला. इथे शब्द जपून वापरायला हवा. ही नक्कल नाही आणि भाषांतरही नाही, हे रूपांतर आहे. मुळातलं मागचं खर्चिक सस्पेन्शन काढून त्या जागी ट्विस्ट ब्लेडची साधी रचना आली, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा गेली, आणि घडण आपल्या रस्त्यांना व आपल्या खिशाला मानवेल अशी झाली. विलायती नाटक मराठीत आणताना पात्रांचे कोट उतरवून धोतरं नेसवतात, तेव्हा प्रश्न एकच असतो, कथानकाचा कणा शाबूत राहिला का?

त्याचं उत्तर गाडी फोडल्याशिवाय मिळत नाही.

रसग्रहणाच्या इतिहासात एवढी निर्दय पद्धत दुसरी नसेल. कृती समजून घेण्यासाठी ती नष्ट करायची. चाकणला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे गाड्या आपटून बघतात. पद्धत अशी. गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका मऊसर अडथळ्यावर जाते आणि तिच्या तोंडाचा जेमतेम ४० टक्के भाग त्यावर आदळतो, कारण खऱ्या रस्त्यावर दोन गाड्या क्वचितच नाकासमोर नाक भिडतात. ताशी ६४ म्हणजे सेकंदाला जवळपास १८ मीटर. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो, पापणी पुरती लवण्याआधी. तेवढ्या वेळात गाडीच्या पुढच्या भागाने ठरवल्याप्रमाणे चुरगळायचं असतं आणि माणसं बसलेल्या खोलीने हलायचंही नसतं.

ही कल्पना समजायला मला जर्मन पुस्तकं लागली नाहीत. चाकणचा संग्रामदुर्ग पुरेसा आहे. साधा भुईकोट. ना डोंगर, ना कडा. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या अफाट फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळपास दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हाच तो पडला. खंदक, तट, बुरूज यांचं काम काय असतं? मार खाणं. शत्रूचा जोर आणि वेळ त्यांच्यावर खर्ची पडावा आणि आतल्यांना वाव मिळावा. गाडीचं बॉनेट म्हणजे बुरूज. त्याने पडायचं असतं. अपघातात तोंड अजिबात न चेपलेली गाडी बघून ‘काय मजबूत आहे’ म्हणणाऱ्यांनी आत बसलेल्यांची विचारपूस करावी, कारण पत्र्याने न घेतलेला मार बरगड्यांनी घेतलेला असतो.

हॅरियरचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला ३४ पैकी ३३.०५ आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी ४५. पाचही तारे. सांगाडा स्थिर राहिला, याहून जास्त भार सोसेल, असा शेरा. त्याच महिन्यापासून आपली स्वतःची भारत एनकॅप योजना लागू झाली, आणि डिसेंबरमध्ये तिचे पहिले निकाल आले ते हॅरियर आणि तिच्या सात आसनी बहिणीचे, सफारीचे. मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८, मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४.

आकडे बघून पुढे जाऊ नये, ते उलगडावेत. ३०.०८ मध्ये बाजूच्या धडकेचे १६ पैकी १६ आहेत आणि समोरच्या धडकेचे १६ पैकी १४.०८. म्हणजे कुशी अभेद्य, छातीवर किंचित मार. मुलांचे ४४.५४ असे फुटतात: प्रत्यक्ष धडकेत २४ पैकी २३.५४, मुलांची सीट नीट बसते का याचे १२ पैकी १२, आणि मुलांसाठी गाडीत काय काय सोयी दिल्या आहेत याचे १३ पैकी ९. थोडक्यात, पोलादाने आपलं काम जवळपास पुरं केलं, सोयींच्या यादीत चार गुण गळले. हे ज्याने वाचलं त्याला ‘पाच तारे’ या जाहिरातीपेक्षा जास्त काही मिळालं.

आता पाठभेदांकडे. इथे खरी रंगत आहे.

२०१९ च्या पहिल्या आवृत्तीत हॅण्डब्रेकचा दांडा विमानाच्या थ्रॉटलसारखा घडवला होता. दिसायला झोकदार, वापरायला अवघड. घाटात चढावर गाडी थांबवून मागच्या सीटवरचं रडणारं पोर सांभाळताना हात आपोआप जिथे जातो, तिथे तो सरळ साधा दांडा असावा लागतो. मराठी काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर इथे अलंकार अर्थाच्या उरावर बसला होता. परीक्षकांनी टीका केली, घेणाऱ्यांनी कुरकुर केली. पुढच्या आवृत्त्यांत वरच्या प्रकारांमधून तो दांडा गेला आणि त्याजागी विजेवर चालणारा बटणाचा ब्रेक आला. खाडाखोड पहिली.

पहिल्या आवृत्तीत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे लगेच धोका, असं नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. पण पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी भरल्या घरासह खंडाळ्याचा जुना घाट उतरते, तेव्हा ब्रेक तापतात आणि तापलेला ड्रम लवकर निवत नाही. पुढच्या आवृत्त्यांत मागेही डिस्क आल्या. अर्थात जुन्या ड्रायव्हरांचं सूत्र कुठल्याही डिस्कपेक्षा मोठं आहे: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

आधी स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारं, जरा जड होतं. २०२३ मध्ये विजेचं आलं. २०१९ चं इंजिन १४० पीएसचं आणि गिअर हातानेच बदलायचे. २०२० मध्ये तेच इंजिन १७० पीएसचं झालं आणि सोबत सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. पण त्या वर्षीचा माझ्या मते सर्वांत मोलाचा बदल जाहिरातीत कोपऱ्यात गेला. घसरताना गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आधी वरच्या प्रकारांपुरती होती, ती सगळ्या प्रकारांना मिळाली. तीच गोष्ट एअरबॅगची. आधी स्वस्त प्रकाराला दोन. २०२३ मध्ये सरसकट सहा, आणि वरच्या प्रकारांत ड्रायव्हरच्या गुडघ्यासाठी सातवी. जीव वाचवणारी वस्तू ‘टॉप मॉडेल’ची चैन राहिली नाही, यात एका गाडीचंच नव्हे, आपल्या बाजाराचंही शहाणपण वाढलेलं दिसतं.

सगळ्या चुका सुधारल्या का? नाही. आणि रसिकाने ते झाकू नये. पक्ष्याचं नाव मी मघाशी राखून ठेवलं होतं. ज्या भोवत्याच्या नजरेतून उंदीर सुटत नाही, त्याचं नाव मिरवणाऱ्या गाडीचे बाजूचे आरसे एवढे मोठे आहेत की खिडकीचा खांब आणि आरसा यांच्या आड चौकातली अख्खी दुचाकी लपते. भोसरीच्या चौकात उजवीकडे वळताना ड्रायव्हरला मान पुढे-मागे करून बघावं लागतं. नव्या आवृत्तीत वरच्या प्रकारांना ३६० अंशांचा कॅमेरा आहे. पण ती तळटीप झाली. मूळ वाक्य तसंच आहे.

दुसरी गोष्ट, रुंदी. १९२२ मिलीमीटर, म्हणजे सुमारे सव्वासहा फूट. एक्स्प्रेस वेवर ही रुंदी राजेशाही वाटते. पिंपरी कॅम्पात शनिवारी संध्याकाळी तीच रुंदी शिक्षा होते. लेन ओळखून गाडी सावरणाऱ्या यंत्रणेबद्दल तर काय बोलावं? तिला रस्त्यावर पांढरी रेघ लागते. चाकण-तळेगाव रस्त्यावर खड्डे, कंटेनर आणि उलट्या बाजूने येणारा टेम्पो एवढंच दिसतं. रेघ असलीच तर धुळीखाली असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि शोरूममध्ये सर्वांत कमी बोलली जाणारी. डिझेल. हॅरियरचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं, बनतं इथून जवळ रांजणगावला. हेच इंजिन जीप कंपासमध्ये आणि एमजी हेक्टरमध्येही धडधडलं. एकच बंदिश तीन घराण्यांनी गायली म्हणा ना. इतकी वर्षं, इतक्या हातांखालून गेलेलं इंजिन असलं की मिस्त्रींना त्याची नस ठाऊक असते. हा भरवशाचा फार मोठा भाग आहे. पण बीएस-६ नंतरच्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, मोकळी पळावी लागते. घर प्राधिकरणात, शाळा तीन किलोमीटरवर, भाजी आकुर्डीला, एवढंच रोजचं फिरणं असेल तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि माणूस गाडीला दोष देत बसतो. दोष निवडीचा असतो. ज्याचं सासर नाशिकला आणि शेत जुन्नरला आहे त्याने डिझेल घ्यावं. ज्याचं जग निगडी ते चिंचवड आहे त्याने दुसरीकडे बघावं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? फार लांब जायला नको. चाकणलाच स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन बनतात. जुळ्या बहिणी, २०२१ च्या. दोघींची इंजिनं पेट्रोलची, लांबी ४.२ मीटरच्या आसपास. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये परीक्षा कडक केली, तेव्हा पाच तारे घेऊन बाहेर आलेल्या पहिल्या गाड्या याच. मोठ्यांचे ३४ पैकी २९.६४, मुलांचे ४९ पैकी ४२. चालवायला आटोपशीर, न उसळणाऱ्या. मात्र मागे तीन मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. चौघांच्या घराला उत्तम, दिवाळीत सासू-सासरे आले की अडचण. चाकणचीच महिंद्रा एक्सयूव्ही ७०० प्रशस्त आणि जोरकस. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला १७ पैकी १६.०३ मिळाले. हे १६.०३ आणि हॅरियरचे ३३.०५ शेजारी ठेवून भांडणारे लोक मी पाहिले आहेत. जुन्या परीक्षेत मोठ्यांचे जवळपास सगळे गुण समोरच्या धडकेवर दिले जात. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या आणि आताच्या दहावीच्या टक्क्यांची तुलना करावी, तसं हे भांडण आहे.

‘भरवशाची गाडी कुठली?’ या प्रश्नाला मी आता सरळ उत्तर देत नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय. नावावर जाऊ नये, घाण्यावर जावं. चकलीचा पहिला घाणा घरच्यांनी खायचा असतो. तेल किती तापलंय, मोहन किती पडलंय, हे त्यात कळतं. पाहुण्यांच्या ताटात दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याची चकली जाते. गाड्यांच्या बाजारात नेमकं उलटं चालतं. पहिला घाणा पाहुण्यांना, तोही पूर्ण पैसे घेऊन आणि वर सहा महिन्यांची वाट बघायला लावून. सुरक्षेचं उत्तर धडकेच्या एका क्षणात मिळतं. भरवशाचं उत्तर रोज सकाळी सात वाजता मिळतं, शाळेची वेळ झालेली असते तेव्हा. म्हणून नव्या मॉडेलला दोन वर्षं द्यावीत. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या तशाच गाडीचा मालक गाठून त्याला चहा पाजावा. आणि चाचणीला गाडी घ्यायची ती शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, आपल्या रोजच्या वाटेवर, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन. आजीचा गुडघा पायरीवर अडला, तर बाकीचे सगळे गुण वाया.

आणि शेवटी एक पाठभेद असा असतो जो आपण करतो. कंपनी जे लिहिते ते आपण खोडतो. हौसेने पुढे लोखंडी गार्ड बसवतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच हे गार्ड लावू नयेत असं कळवलं आहे. कारण उघड आहे. जो बुरूज पडायला बांधलाय त्याला आपण टेकू देतो आणि धडकेचा जोर थेट सांगाड्यात पोचवतो. सीटमधून उघडणाऱ्या एअरबॅगवर जाड कव्हर शिवून घेतो. बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेतो, म्हणजे धडकेत बाळ आपल्यासाठी उशी होतं. हे वाक्य कठोर आहे आणि ते तसंच राहू दे. मागचा पट्टा तर आपल्याकडे सीटच्या फटीत गाडलेला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या माणसाला पुढच्या सीटचं कवच असतं, हा समज त्या दिवशी तरी जायला हवा होता. सगळे टाके, सगळे तारे, सात एअरबॅग हे लेखकाचं काम झालं. पट्टा वाचकाने लावायचा असतो.

तर त्या रविवारी. काकांनी उपसलेलं बीडिंग परत बसवलं, अंगठ्याने दाबत दाबत, अगदी टोकापर्यंत. टाके दिसेनासे झाले. गाडीमालकाचा जीव भांड्यात पडला. पहिली फेरी चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळात जाणार होती. आजी मागे बसल्या. पट्टा लावायला सांगितल्यावर त्यांनी तो लावला खरा, पण नवी पैठणी चुरगळते म्हणून वरचा पट्टा पाठीमागे सारून दिला. खट्ट आवाज झाला, डॅशबोर्डवरचा दिवा विझला, गाडीला वाटलं सगळं ठीक आहे. चाकांखाली लिंबं चिरडली गेली. गाडी फाटकापर्यंत पोचली.

आणि थांबली. मागचे लाल दिवे लागले. गाडीमालक खाली उतरला, वळसा घालून मागच्या दाराशी आला, आत वाकला. आजींचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, पैठणीविषयी असावं. त्याने पट्टा त्यांच्या पाठीमागून काढून खांद्यावरून पुढे घेतला, पदर नीट केला, दार लावलं.

काका माझ्याकडे वळले.

“रीवर्क,” ते म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.